पाण्याचा वार

आमच्या गल्लीत नळाला पाणी पाचव्या दिवशी येतं,
कधी पहाटे, कधी दिवेलागणीला, येतं ते चोरासारखं.
अशा गावात मी होडी घेतली.

तेरा फुटी, फायबरची. मालवणहून टेम्पोत आली.
टेम्पोवाल्यानं दोनदा फोन केला,
"सोलापूरच ना? नक्की?"
अशोक चौकात पोरं गाड्या थांबवून बघत होती,
एक म्हणाला, "काय बे, पूर येणाराय का?"
अनसूया उंबऱ्यात भाकरतुकडा घेऊन उभी,
ओवाळून टाकावा की फेकून मारावा, ठरत नसावं.
मग तेलुगूत काहीतरी म्हणाली,
ते मराठीत लिहिण्यासारखं नाही.

हिप्परग्याच्या तळ्यावर ठेवली, तिप्पा भोयाच्या भरवशावर.
वर्षाच्या आत एक भोक तिच्या बुडाला पडलं, एक माझ्या खिशाला.
बुडाचं एमसीलनं बुजलं.

चाळीस वर्षं माग दुरुस्त केले मी.
धोटा कुठं अडतोय ते भिंतीपलीकडून सांगायचो.
पण हे आठ हॉर्सपॉवरचं जनावर
दोरी ओढ, चोक दे, शिवी दे, दोरी ओढ,
खोकतं, आणि झोपतं.
मकबूल फिटर म्हणाला, "कार्बोरेटरमधी कचरा हाय."
साफ केला, आठशे रुपये.
तीन आठवड्यांनी पुन्हा गेलो.
"हा नवीन कचरा हाय," म्हणाला.

पंख्यात जाळं अडकलं. मग जलपर्णी.
मग एकदा टॉवेल.
चाकूनं कापून काढला, उलटा करून बघितला,
किनार आमच्याच मागावरची.

एप्रिलात तळं मागं सरकतं,
घेणेकरी दिसल्यावर माणूस सरकतो तसं, नजर चुकवत.
होडी आधी चिखलावर, मग भेगांवर.
तिच्या सावलीत कुत्रीनं चार पिल्लं घातली
आणि मला जवळ येऊ देईना.
दोन महिने मी लांबून मालक.

मग कशाला ठेवलीय, लोक विचारतात.

माझ्या उजव्या कानात माग अजून चालू आहेत.
कारखाना विकला, शेड पाडलं, तिथं मंगल कार्यालय झालं,
तरी खटखट, खटखट, झोपेतसुद्धा.
तळ्याच्या मधोमध इंजिन बंद केलं
की ती खटखट शेजारच्या गल्लीत गेल्यासारखी वाटते.
थांबत नाही. लांब जाते.
तेवढ्यासाठी, असं म्हणालो तर लोक हसतील,
म्हणून सांगतो: मासे बरे मिळतात.

माघात एकदा अनसूया आली.
कडक भाकरी, शेंगाचटणी, आणि तोंड फुगवून.
होडीच्या कडेला दोन्ही हातांनी धरून बसली,
जशी पहिल्यांदा सायकलवर बसली होती, माझ्यामागं, तिरकी.
ऊन उतरलं. बदकं उठली, पुन्हा टेकली.
तिनं एक हात सोडला, पाण्यात घातला,
मनगटापर्यंत. मग कोपरापर्यंत.
बांगड्या बुडाल्या, आवाज बंद.
"एवढं पाणी," म्हणाली, "आणि कुणी भरून ठेवत नाही."

तेवढ्यात फोन. शेजारची पुष्पा यन्नम, ओरडत,
"पाणी आलंय! एक दिवस आधी आलंय!"
मी दोरीला हात घातला.
इंजिन खोकलं. झोपलं.
मी वल्हं शोधलं. वल्हं तिप्पाच्या झोपडीत.
अनसूयाकडं बघायची हिंमत होईना.
ती फोनमध्ये म्हणाली,
"येऊ दे गं."
आणि भाकरी मोडली.

अंधार पडल्यावर तिप्पानं ओढून आणलं.
घरी पिंपं कोरडी, नळाखाली एक थेंब लोंबत.

होडीचा हिशेब मी जुन्या मागाच्या वहीत लिहितो.
दुसऱ्या दिवशी वही उघडली तर
तिच्या अक्षरात एक ओळ होती:
टँकर, सातशे. होडीखाती.
आणि खाली, पेन्सिलनं,
वल्ही, दोन.